कॅनडातल्या मूळनिवासींचा इतिहास त्यांच्याच सिनेमा-कलेतून समजून घ्यायचाय, सुरुवात कुठून करू?

रानजाई

नमस्कार मंडळी. आम्ही ओंटारियोत राहतो, लेक सहावीत आहे. इथे ३० सप्टेंबरला शाळेत सगळी मुलं नारिंगी शर्ट घालून जातात. बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते, फिलिस वेबस्टॅड म्हणून ब्रिटिश कोलंबियातल्या एक मूळनिवासी बाई आहेत, १९७३ मध्ये सहा वर्षांच्या असताना त्यांना मिशनच्या निवासी शाळेत घातलं आणि आजीने हौसेने घेऊन दिलेला नवा नारिंगी शर्ट पहिल्याच दिवशी काढून घेतला, तो परत मिळालाच नाही. त्यावरून २०१३ पासून हा दिवस पाळतात आणि २०२१ पासून ती केंद्र सरकारची सुट्टी पण झालीय. अशा शाळांत दीड लाखाच्या वर मुलं आईबापांपासून तोडून नेऊन ठेवली होती, भाषा बोलली की मार, आणि शेवटची शाळा बंद झाली ती नव्वदच्या दशकात, म्हणजे आपण दहावी-बारावीच्या परीक्षा देत होतो तेव्हा.

तर लेकीने विचारलं की आई, त्या मुलांच्या घरचे लोक आता काय करतात? आणि मला एक वाक्य धड सांगता येईना. या शाळांवरच्या सत्यशोधन आयोगाचा २०१५ चा अहवाल उघडला, त्यातल्या ९४ शिफारशी वाचल्या, पण एक तर ते फार जड आहे आणि दुसरं म्हणजे नुसतं तेवढंच वाचलं तर पोरीच्या डोक्यात हे लोक म्हणजे फक्त मार खाल्लेले, बिचारे असंच चित्र बसेल अशी भीती वाटली. ते स्वतः स्वतःबद्दल काय सांगतात, काय चित्रं काढतात, कसले सिनेमे करतात ते बघायचंय. माझ्यासाठीही हवंय आणि अकरा वर्षांच्या मुलीला दाखवता येईल असंही हवंय.

अजून एक मनात आहे ते पण लिहून टाकते. ऑफिसात प्रत्येक मोठ्या मीटिंगच्या आधी ही जमीन अमुक नेशनची, म्हणजे अमुक मूळनिवासी समाजाची आहे असं वाचून दाखवतात आणि लगेच पुढची स्लाइड. डीकॉलोनायझेशन, म्हणजे वसाहतवाद उलटवणं, हा शब्द तर रोज कानावर पडतो. पण आम्ही पण त्याच जमिनीवर हप्ते भरून घर घेतलंय ना? इंग्रजांनी आपल्याला लुटलं म्हणत मोठे झालो आणि इथे येऊन आपण नेमके कुठल्या बाजूला उभे आहोत हे मला खरंच कळत नाहीये. कुणी या वाटेने गेलं असेल तर सांगा प्लीज.

बर्फाळ

रानजाई, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी विनिपेगला लायब्ररीत काम करतो त्यामुळे हा प्रश्न बरेच पालक विचारतात, जमेल तेवढं सविस्तर लिहितो.

लेकीसाठी पहिलं नाव अ‍ॅलॅनिस ओबोमसाविन. अबेनाकी या मूळनिवासी समाजाच्या, जन्म १९३२ चा, कॅनडा सरकारच्या नॅशनल फिल्म बोर्डात १९६७ पासून. त्यांची पहिली फिल्म १९७१ ची, ‘ख्रिसमस अ‍ॅट मूस फॅक्टरी’, जेमतेम तेरा मिनिटांची आहे, आणि ती तुमच्याच ओंटारियोच्या उत्तर टोकाला जेम्स बेजवळच्या निवासी शाळेतली आहे. त्यात बाईंनी काय केलंय की शाळेतल्या क्री समाजाच्या मुलांनी क्रेयॉनने काढलेली चित्रं घेतलीत आणि त्यावर त्या मुलांचेच आवाज, बास. घर, कुत्रे, बर्फ, आईबाबा. कोणी मोठा माणूस मध्ये येऊन समजावत नाही. अकरा वर्षांच्या पोरीला ती मुलं तिच्यासारखीच वाटतील, आणि घरच्या आठवणी इतक्या बारकाईने का काढल्यात हे तिला आपोआप विचारावंसं वाटेल. बोर्डाच्या साइटवर त्यांच्या बहुतेक फिल्म्स फुकट आहेत.

तुमच्यासाठी त्यांचीच १९९३ ची ‘कानेसाताके’. १९९० मध्ये क्युबेकमधल्या ओका गावाला नऊ होलचं गोल्फ कोर्स अठरा होलचं करायचं होतं, आणि ते वाढणार होतं मोहॉक लोकांच्या पाइनच्या राईत, दफनभूमीला लागून. लोकांनी रस्ता अडवला, पोलिसांनी धाड घातली, त्यात एक पोलीस गेला, मग आर्मी आली, ७८ दिवस हे चाललं. बाकीचे बहुतेक पत्रकार हळूहळू बाहेर पडले किंवा काढले गेले, ओबोमसाविनबाई काटेरी तारांच्या आतल्या बाजूला राहिल्या. टीव्हीवर तेव्हा दिसत होता तोंडाला फडकं बांधलेला बंदूकवाला, आणि त्यांच्या फिल्ममध्ये दिसतात ते स्वयंपाक करणारे, भांडणारे, घाबरलेले, हट्टाने बसून राहिलेले शेजारीपाजारी. शिवाय अठराव्या शतकात फ्रेंच राजाने ती जमीन मिशनऱ्यांच्या नावावर कशी करून दिली तिथपासूनचा सगळा हिशोब त्या मांडतात. तुम्ही म्हणताय तो मीटिंगमधला जमिनीचा उल्लेख मला ही फिल्म बघितल्यावर पहिल्यांदा खरा वाटायला लागला.

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय, इग्लूलिक. कॅनडाच्या उत्तरेतल्या नुनावुट प्रदेशातलं, इन्युइट म्हणजे आर्क्टिकमधल्या मूळनिवासींचं छोटं गाव. सत्तरच्या दशकात सॅटेलाइटने टीव्ही उत्तरेत पोचवायचं ठरलं तेव्हा या गावाने १९७५ मध्ये मतदान घेऊन नको म्हटलं, १९७९ मध्ये पुन्हा मतदान, पुन्हा नको. कारण साधं, त्यात इनुक्टिटुट या त्यांच्या भाषेत काहीच नव्हतं आणि मुलं दिवसभर दक्षिणेचं इंग्रजी बघत बसणार. इन्युइटांचं स्वतःचं प्रसारण केंद्र १९८१ मध्ये उभं राहिलं आणि त्यानंतर गावाने टीव्ही घेतला. मला हे फार मोठं वाटतं. आपल्याकडे टीव्ही आला तेव्हा आपण ॲन्टेना फिरवत गच्चीवर चढलो होतो, त्यात आपल्या बोलीत काय आहे हे विचारायचं कुणाला सुचलं?

त्याच गावातले झॅकारियास कुनुक दगडात मूर्ती कोरायचे. १९८१ मध्ये त्या घेऊन मॉन्ट्रियलला गेले, विकल्या आणि त्या पैशाचा व्हिडिओ कॅमेरा घेऊन आले. १९९० मध्ये पॉल अपाक, पाउलूसी कुलितालिक आणि नॉर्मन कोहन यांच्यासोबत इसुमा नावाची कंपनी काढली. २००१ मध्ये त्यांचा ‘अटानारजुआट’ आला, पूर्ण इनुक्टिटुटमध्ये, आणि फ्रान्समधल्या कान महोत्सवात पहिल्या चित्रपटासाठीचा कॅमेरा द’ओर घेऊन गेला. गोष्ट इग्लूलिकचीच, पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी. म्हाताऱ्या माणसांकडून तिचे वेगवेगळे पाठ रेकॉर्ड करून घेतले, कातड्याचे कपडे गावातल्या बायकांनी जुन्या पद्धतीने शिवले. म्हणजे सिनेमा करता करता तरुण पोरं शिवण, स्लेज, जुनी बोली शिकली. मिशनऱ्यांनी जे सोडायला लावलं होतं ते शूटिंगच्या निमित्ताने गावात परत हाताळलं गेलं. (मुलीला मात्र अजून चार-पाच वर्षं दाखवू नका, हिंसा आहे.)

याच्या शेजारी १९२२ चा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ ठेवून बघा, डॉक्युमेंटरीच्या कोर्समध्ये सगळीकडे शिकवतात तो. रॉबर्ट फ्लॅहर्टीने हडसन बेच्या किनाऱ्यावर काढला, पैसे फर विकणाऱ्या कंपनीचे. लोक तेव्हा बंदुका वापरत होते पण त्याने भाल्याने शिकार करायला लावली, आतलं शूटिंग करायला उजेड हवा म्हणून अर्धाच इग्लू बांधला, आणि हिरोला ग्रामोफोन म्हणजे काय माहीतच नाही असं दाखवलं. जगाने तेच खरं धरलं. पुढे १९५३ मध्ये सरकारने त्याच भागातली कुटुंबं उचलून दोनेक हजार किलोमीटर वर, पार उत्तर ध्रुवाकडच्या ओसाड बेटांवर नेऊन टाकली. शिकार भरपूर मिळेल असं सांगून. खुद्द फ्लॅहर्टीचा इन्युइट मुलगा जोसेफी यालाही १९५५ मध्ये असंच तिकडे पाठवलं. सरकारने माफी मागितली २०१० मध्ये. हे लोक कुठेही बर्फात आनंदाने राहतात हे चित्र जगाच्या डोक्यात आधीच बसलेलं होतं, त्यामुळे असं करणं किती सोपं गेलं असेल याचा विचार मी नेहमी करतो.

समुद्रपक्षी

बर्फाळदादा, सुंदर प्रतिसाद. मी व्हँकुव्हर बेटावर राहते त्यामुळे पश्चिम किनाऱ्याचं सांगते.

रानजाई, कधी इकडे आलात तर अलर्ट बेला नक्की जा, तिथे उमिस्टा म्हणून क्वाक्वाकावाक्व लोकांचं स्वतःचं सांस्कृतिक केंद्र आहे. त्याच्यामागची हकीकत कळली की कला आणि कायदा यांचं काय नातं असतं ते लख्ख कळतं. या लोकांत पॉटलॅच नावाचा सोहळा असतो. लग्न, बारसं, मृत्यू, नवा सरदार, काहीही असो, यजमान शेकडो लोकांना बोलावतो, मुखवट्यांचे नाच होतात, आणि येणाऱ्याला भेटी देतो. ज्याने भेट घेतली तो साक्षीदार. अमुक नाव, अमुक गाणं, अमुक नाच, अमुक नदीकाठची मासेमारी कोणत्या घराण्याची हे सगळं तिथे चारचौघांत सांगितलं जायचं आणि पाहुण्यांच्या स्मरणात नोंद व्हायची. म्हणजे मुखवटा हा एका अर्थी त्यांचा सातबारा म्हणा ना.

सरकारला आणि मिशनऱ्यांना नेमकं हेच नको होतं. संपत्ती जमवायची सोडून वाटून टाकतात म्हणजे काय! १८८५ पासून पॉटलॅच करणं गुन्हा ठरवलं आणि ही बंदी १९५१ पर्यंत होती. लोक चोरून करायचे. १९२१ च्या ख्रिसमसला डॅन क्रॅनमर यांनी व्हिलेज आयलंडवर मोठा पॉटलॅच केला, खबर फुटली, ४५ जणांवर खटले. सांगितलं काय, तर तुमच्या गावाने मुखवटे, तांब्याचे पत्रे, सगळं आमच्या ताब्यात दिलं तर तुरुंग टळेल. काहींनी दिलं. वीस-बावीस माणसं, त्यात बायाही, व्हँकुव्हरजवळच्या ‘ओकाला’ नावाच्या तुरुंगात गेली. आणि ते जप्त केलेलं सामान चर्चच्या हॉलमध्ये बाकांवर मांडून तिकीट लावून दाखवलं, मग ओटावा, टोरांटो, न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये वाटलं गेलं. नाचल्याबद्दल, भेटवस्तू दिल्याबद्दल तुरुंग. मला हे लिहिताना आजही राग येतो.

परत मिळवायला त्यांना पन्नासहून जास्त वर्षं लागली आणि अट काय घातली, तर तुम्ही म्युझियम बांधा मगच देऊ. त्यांनी दोन बांधली, केप मज इथे १९७९ मध्ये आणि अलर्ट बेला १९८०. अलर्ट बेला ते मुखवटे काचेत नाहीत, सोहळ्यात ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने मोकळे मांडलेत. पुष्कळ वर्षं कोंडून ठेवले होते, आता पुन्हा काचेत कोंडायचे नाहीत असं त्यांचं म्हणणं. शेजारी निवासी शाळेची लालभडक विटांची प्रचंड इमारत होती, ती २०१५ मध्ये लोकांनी एकत्र जमून पाडली. २००३ मध्ये एक शिरोभूषण पॅरिसहून परत आलं, कवी आंद्रे ब्रेताँ यांच्या संग्रहातलं, त्यांच्या मुलीने स्वतः आणून दिलं. आणि ब्रिटिश म्युझियमने एक मुखवटा २००५ मध्ये दिला तो उसना. त्यांचाच मुखवटा त्यांनाच उसना! २०२४ मध्ये वाघनखं साताऱ्याला आली ती पण तीन वर्षांच्या करारावर उसनीच आली होती, तेव्हा मला पहिल्यांदा हाच मुखवटा आठवला. आपल्या लोकांना हा विषय वाघनखांवरून पटकन समजतो, मी तर तिथूनच सुरुवात करते.

ऋजुता_म

मला थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. सिनेमे बघणं, म्युझियमला जाणं, हे सगळं छान आहे पण त्याने डीकॉलोनायझेशन होतं असं वाटायला लागलं तर अवघड आहे. टोरांटोत मी बघते की लोक एक डॉक्युमेंटरी बघतात, कानातले मण्यांचे डूल घेतात आणि आपलं काम झालं असं समजतात. ईव्ह टक आणि वेन यांग या दोघांचा २०१२ चा एक गाजलेला लेख आहे त्यात त्यांनी हेच ठणकावून सांगितलंय की हा शब्द शाळा सुधारायला, मन सुधारायला असा सगळीकडे वापरू नका, याचा अर्थ जमीन परत देणं असा आहे. मूळनिवासींसाठीचा १८७६ चा इंडियन अ‍ॅक्ट आजही लागू आहे, दुरुस्त्या झाल्यात पण कायदा तोच. कितीतरी रिझर्व्हवर, म्हणजे मूळनिवासींसाठी राखलेल्या जागांवर, नळाचं पाणी उकळल्याशिवाय पिता येत नाही आणि आपण मात्र मुखवट्यांवर बोलतोय. रानजाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते फिल्ममध्ये मिळणार नाही.

समुद्रपक्षी

ऋजुता, राग कशाला, मुद्दा खराच आहे. पण ओकाची गोष्ट जमिनीचीच आहे ना, आणि पॉटलॅचवर बंदी का घातली तर त्यात कोणता किनारा कोणाचा हे बोललं जायचं म्हणून पण. १९९७ चा डेल्गामूक्वचा सुप्रीम कोर्टाचा निकाल बघ. गित्सान आणि वेत्सुवेतेन या मूळनिवासी समाजांच्या सरदारांनी जमिनीवरचा हक्क सांगताना कोर्टात आपली घराण्यांची गाणी आणि कथा पुरावा म्हणून मांडल्या होत्या. एक म्हातारी गाणं म्हणायला लागली तर खालच्या कोर्टाचे न्यायाधीश म्हणाले की मला ऐकून उपयोग नाही, माझा कान पत्र्याचा आहे. आणि निकाल विरोधात दिला. वर सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मौखिक इतिहासाला पुरावा म्हणून योग्य वजन द्यायलाच हवं होतं, आणि खटला पुन्हा चालवायचा आदेश दिला. गाणं ऐकता न येणं याची किंमत तिथे हजारो चौरस किलोमीटर जमीन होती. त्यामुळे मला वाटतं आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांनी आधी कान तयार करावा, मत द्यायला जाताना, ग्रामपंचायतीसारख्या इथल्या सिटी कौन्सिलच्या सुनावणीला बसताना तो कामाला येतो.

ऋजुता_म

हा निकाल माहीत होता पण त्यातलं गाण्याचं माहीत नव्हतं. वाचते. धन्यवाद.

सूर्याकाठ

रानजाईताई, मी डहाणू तालुक्यातला, वारली, सध्या आश्रमशाळेत शिकवतो. धागा कॅनडावर आहे पण तुम्ही आपण कुठल्या बाजूला उभे आहोत असं विचारलंत म्हणून लिहावंसं वाटलं. लांबेल, सांभाळून घ्या.

तुमच्या मुलीला शाळेत कधीतरी भारताचं काही दाखवा म्हणतील, आणि तुम्ही बहुतेक वारली पेंटिंग काढून द्याल, गोल फिरणारे नाचणारे लोक आणि मध्ये तारपा वाजवणारा. परदेशात सगळे हेच काढतात, इथे पण हॉटेलच्या भिंती, कुर्ते, पुलाचे खांब, सगळीकडे तेच आहे. आमच्याकडे खरं चित्र म्हणजे लग्नाचा चौक. लग्नघरात भिंत शेणाने सारवून गेरू लावतात, तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक काढतात, आत पालघट देवी बसते, धवलेरी गाणी म्हणते आणि त्याशिवाय लग्न लागत नाही. धवलेरी बाई असते, लग्न तीच लावते. हे सगळं बायकांच्या हातातलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे सरकारच्या हस्तकला खात्याकडून आले, कागद आणि रंग दिले, आणि तिथून गंजाडचे जिव्या सोमा म्हसे पुढे आले. म्हसेबाबा खरोखर मोठा कलाकार, त्यांनी देवाचं चित्र सोडून शेत, जाळं, पाऊस, मुंग्या असं सगळं जग कागदावर आणलं, २०११ ला पद्मश्री, २०१८ ला गेले. त्यांच्यामुळे आमच्या किती पोरांची घरं चालली. पण एक झालं की कागद आणि बाजार आला तशी चित्रं पुरुषांच्या हातात गेली आणि धवलेरीचं गाणं भिंतीपाशीच राहिलं. आज माझ्या वर्गातल्या पोरींना तारपा नाच काढता येतो, चौकाचं गाणं चारदोघींना येत असेल.

आणि त्या गोल नाचणाऱ्या लोकांना बघून शहरातला माणूस म्हणतो, किती निसर्गात आनंदी आहेत. बर्फाळदादांनी नानूकचं लिहिलंय ते वाचून मी थांबलोच. आमचं काय होतं सांगतो. इंग्रजांनी १८७८ चा जंगल कायदा आणला आणि जंगल सरकारचं झालं, जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्या. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघं जमीनदाराकडे राबणार, त्यांना लग्नगडी म्हणायचे. ज्या लग्नात चौक काढायचा त्याच लग्नाने माणूस गुलाम व्हायचा. वेठबिगार वेगळी. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर आमचे लोक लाल बावट्याखाली उठले, वेठ बंद पाडली, गोळीबारात माणसं गेली. आमच्याकडे गोदूताईंचं नाव आजही म्हातारी माणसं घेतात. हे सगळं कुठल्या मगवर, कुठल्या कुर्त्यावर दिसतं? आता आमची काही पोरं चित्रात हायवे, धरण, बुलेट ट्रेन, वाढवण बंदर काढतात. ती चित्रं विकली जात नाहीत म्हणतात, गिऱ्हाईकाला नाच हवा असतो.

मुखवट्यांचं वाचलं तेव्हा जव्हार-मोखाड्याचा बोहाडा आठवला. रात्रभर संबळ-पिपाणीवर देवांची सोंगं नाचतात, कोणतं सोंग कोणत्या घराकडे ते ठरलेलं असतं, बापाकडून मुलाकडे जातं. बंदी कोणी आणली नाही, पण पोरं वापी-भिवंडीला कामाला गेली की सोंग नाचवायला माणूस मिळत नाही.

आणि बाजूचं विचारलंत तर ताई, तुम्ही इथे असताना पण हा प्रश्न होताच, फक्त कोणी मीटिंगच्या आधी वाचून दाखवत नव्हतं. मुंबईच्या आरे कॉलनीत आजही वारलींचे पाडे आहेत.

सोलापूरचा_वारा

सूर्याकाठदादा, तुमच्या लिहिण्यापुढे काही लिहायचं म्हणजे संकोच वाटतो, तरी एक भर.

इंडियन अ‍ॅक्ट १८७६ चा, आणि आपल्याकडचा गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. राज्य एकाच राणीचं. कॅनडात १८८५ नंतर रिझर्व्हबाहेर जायला इंडियन एजंट नावाच्या सरकारी अधिकाऱ्याची चिठ्ठी लागायची, आणि इथे सोलापुरात तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमध्ये पारधी, कैकाडी, कंजारभाट, टकारी लोकांची रोज हजेरी, बाहेर पडायला पास. मी त्या कुंपणाच्या आठवणी सांगणाऱ्या घरातला आहे. आपला देश १९४७ ला सुटला, आमची माणसं ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून आम्ही विमुक्त दिन पाळतो.

आता धाग्याच्या विषयावर. अहमदाबादच्या छारानगरमध्ये बुधन थिएटर म्हणून नाटकमंडळी आहे. छारा म्हणजे आमच्या कंजारभाटांचे भाऊबंद, बोली पण तीच, भांटू. १९९८ च्या फेब्रुवारीत बंगालमधल्या पुरुलियात बुधन सबर हा तरुण पोलीस कोठडीत मारला गेला. महाश्वेता देवी आणि गणेश देवी या दोघांनी हे प्रकरण लावून धरलं, हायकोर्टात केस झाली, आणि त्याच वर्षी ३१ ऑगस्टला छारानगरच्या पोरापोरींनी बुधनचं नाटक केलं. ज्यांना पोलीस चोर म्हणून उचलायचे त्यांनीच रस्त्यावर उभं राहून पोलिसाचं काम केलं. पोलिसांची भाषा, हात उगारायची ढब, सगळं त्यांना घरचंच माहीत होतं, वर्कशॉप लागलं नाही. नाटकाच्या शेवटी ते सरळ प्रेक्षकांना विचारतात की आम्ही माणसं नाही का. तिथे लायब्ररी चालते, त्यातून वकील, पत्रकार, फिल्म करणारे तयार झालेत, दक्षिण बजरंगे यांचं नाव तर बाहेरही माहीत आहे. मला वाटतं हे इन्युइट कुनुक आणि हे छारा एकमेकांना भेटले तर दुभाष्याची फारशी गरज लागणार नाही.

मराठीत तर लक्ष्मण माने आणि लक्ष्मण गायकवाड यांची आत्मकथनं आहेतच, दोघांनाही साहित्य अकादमी मिळालं. रानजाईताई, तुमच्याकडे घरात असतीलच, नसतील तर मागवा, लेक मोठी झाल्यावर वाचेल.

रानजाई

सगळ्यांचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचतेय. मूस फॅक्टरी काल आम्ही दोघींनी बघितली. लेकीने लगेच विचारलं की ही मुलं ख्रिसमसला घरी का गेली नाहीत, मग आम्ही नकाशा काढून जेम्स बे कुठे आहे, तिथून उत्तरेची गावं किती लांब आहेत ते बघत बसलो. कानेसाताके या वीकेंडला मी आणि नवरा बघणार.

सूर्याकाठदादा, तुम्ही लिहिलंत ते अगदी तसंच झालंय, शाळेच्या हेरिटेज डेला तिने वारली काढायचं ठरवलंय. आता काढू द्यावं की नको? आणि इथे दुकानात जे मूळनिवासी कलेच्या नावाने मिळतं ते घ्यावं की नाही हे पण कुणी सांगा.

बर्फाळ

खरेदीपुरतं मी सांगतो. इन्युइट कोरीव काम घेताना इग्लूचं चित्र असलेला टॅग बघा, १९५८ पासून आहे, कोणत्या कलाकाराने, कोणत्या गावात केलं ते त्यावर असतं. एअरपोर्टवरच्या राळेच्या मूर्ती बहुतेक कारखान्यातल्या असतात. चित्रांत तर फारच जपून. अनिशिनाबे या मूळनिवासी समाजाचे चित्रकार नॉरव्हल मॉरिसो यांच्या नावाने इतकी बनावट चित्रं विकली गेली की २०२३ मध्ये ओंटारियो पोलिसांनी आठ जणांना पकडलं आणि हजारच्या वर चित्रं जप्त केली. त्यापेक्षा पाउवाव, म्हणजे मूळनिवासींचा नाच-गाण्याचा मेळावा, असेल तेव्हा जा, तिथे करणारी माणसं स्वतः स्टॉल लावून बसलेली असतात, त्यांच्याशी बोलून घ्या. पाउवाव बघायला सगळ्यांना मोकळीक असते, फक्त काही नाचांच्या वेळी निवेदक फोटो काढू नका म्हणून सांगतो, ते पाळायचं.

सूर्याकाठ

ताई, काढू द्या की, पोरीला कशाला अडवायचं. चौक आणि पालघट देवी मात्र काढायला लावू नका, ते लग्नघरातच असतं. बाकी शेत, झाडं, घर, तुमच्या तिथला बर्फ काढला तरी चालेल, म्हसेबाबांनी पण जे दिसलं तेच काढलं. खाली एका ओळीत लिहायला सांगा की ही पद्धत पालघर जिल्ह्यातल्या वारली लोकांची आहे आणि ती भिंतीवर आधी बायकांनी काढली. वारली पेंटिंगला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे विकायचं असेल तर इथल्या लोकांचं हवं, शाळेत काढायला काही हरकत नाही. आणि शिक्षिकेने तारपा म्हणजे काय विचारलं तर दुधी भोपळ्याचं वाद्य आहे आणि भात तयार झाला की वाजवतात असं सांगा. माझ्या वर्गातल्या पोरींनी काढलेली चार-पाच चित्रं मी फोटो काढून इथे टाकतो, त्यात एकीने शाळेत यायचा रस्ता काढलाय नदीवरून, ते तुमच्या लेकीला दाखवा. तिने तिच्या शाळेच्या रस्त्याचं काढून पाठवलं तर आमच्या वर्गात लावू.